दोन हाकांमधली जागा

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. फार लांब जायचं नाही. अमरावतीत वडाळीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला एक गल्ली आहे, तिथवरच. शाळेच्या रिक्षा नुकत्याच निघून गेल्या आहेत. ओट्यांवर धुण्याच्या बादल्या आहेत, एका गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या आहेत आणि त्यांच्या राखणीला बसवलेली म्हातारी बसल्या जागी पेंगते आहे. गल्लीच्या तोंडाशी एक हातगाडी वळते. गाडीवर संत्र्यांचे ढीग. गाडीवरून एका बाईचा खणखणीत आवाज येतो :

“संत्री घ्याऽ संत्री! मोर्शीची संत्री! साल पातळ, रस भरपूर! या हो ताई बाहेर, गाडी आली दाराशी!”

आता गाडी ढकलणाऱ्याकडे बघा. तो पुरुष आहे आणि त्याचे ओठ मिटलेले आहेत. गाडीमागून एक मुलगी चालते आहे. तिचेही ओठ मिटलेले आहेत. बाई कुठेच दिसत नाही.

यात विचित्र काय, असं तुम्ही म्हणाल, आणि बरोबरच म्हणाल. गाडीच्या दांडीला बांधलेला तो भोंगा तुम्ही रोज बघता. एकदा आवाज भरून घ्यायचा, मेमरी कार्ड आत सरकवायचं, की भोंगा दिवसभर ओरडतो आणि माणसाचा घसा शाबूत राहतो. विचित्र जे होतं ते नंतर आलं. आलं तेही इतकं हळू, की नेमकं कधी आलं हे त्या मुलीलासुद्धा सांगता आलं नसतं.

तिचं नाव आचल. सातवीत होती. गाडी ढकलणारा तिचा बाप, मनोज. आणि आवाज तिच्या आईचा, दीपमालाचा. दीपमाला मागच्या दिवाळीच्या आधी आजारपणात गेली होती.

या धंद्यात एक रीत आहे. गल्लीला ज्याचा आवाज ओळखीचा झाला, तोच आवाज गाडीवर ठेवायचा. माणूस आजारी पडो, गावाला जावो, गाडी दुसरं कुणी ढकलो, आवाज बदलायचा नाही. गिऱ्हाईक तोंड बघून बाहेर येत नाही, आवाज ऐकून येतं. दीपमालाचा आवाज तर असा, की अकोल्याला तिचा भाऊ बंडू जठारपेठेत फळांची गाडी लावायचा, त्यानेही स्वतःचा घोगरा आवाज न भरता बहिणीचाच भरून नेला होता. इतवारा बाजारातल्या गुलफामभाईच्या दुकानात एकाच दिवशी, एकाच दमात दोन कार्डं भरली होती. एक अमरावतीचं, एक अकोल्याचं.

म्हणून ती गेल्यावरही दोन शहरांत तिच्या हाका चालूच राहिल्या.

आचलला त्यात दुःख वाटत नसे. उलट तिने मनाशी एक हिशेब बसवला होता. आवाज गल्लीत आहे, म्हणजे आई फेरीवर गेली आहे. फेरीवर गेलेलं माणूस संध्याकाळी घरी येतं. आज नाही आलं तर उद्या येईल. हा हिशेब खोटा आहे हे तिला ठाऊक होतं, पण भोंगा वाजत होता तोवर तो तपासून बघायची गरज पडत नव्हती.

मनोजचं मात्र वेगळं होतं. संक्रांतीनंतर केव्हातरी त्याने कानांत कापसाचे बोळे घालायला सुरुवात केली.

“बाबा, कानाले काय झालं?”

“वारा लागते.”

फेब्रुवारीच्या उन्हात कसला आला वारा! शेजारच्या पार्बताबाईने ते पाहिलं. ती फुलं विकायची. दिवसभर ओट्यावर बसून झेंडूचे हार ओवत असायची, आणि गल्लीतली कुठलीच गोष्ट तिच्या नजरेतून सुटत नसे.

“मन्या,” ती म्हणाली, “मयतीच्या दिवशी आनलेल्या गुंडाळ्यातला कापूस हाये ना हा? दीपाच्या वेळचा?”

“उरला होता.”

“मंग फेकून द्या लागत होता बाप्पा. घरात कायले ठेवला?”

“सारं वऱ्हाड कापसावर जगते, काकू. कापसाचा दिवस पाह्यत बसलो तर गादीवर झोपता येनार नाई.”

पार्बताबाई हसली नाही. त्या दिवशी बायकांचा आकांत सुरू झाला, तेव्हा तिनेच आचलला उचलून आत नेलं होतं, स्वयंपाकाच्या ओट्याखाली बसवलं होतं आणि तिच्या दोन्ही कानांवर आपले तळवे घट्ट दाबून धरले होते. त्या दिवसातलं आचलला एवढंच आठवायचं : दाराच्या चौकटीत हलणारी तोंडं, आणि कानांपाशी झेंडूचा वास.

मग एका संध्याकाळी जेवता जेवता मनोज म्हणाला, “येत्या रविवारी गुलफामभाईकडे जातो. नवा आवाज भरून आनतो.”

आचलचा घास हातातच राहिला. “कोनाचा?”

“माहाच भरीन.”

“तुमचा आवाज कोन ऐकीन? कुत्रे पयतीन.”

“पयू दे.”

“आईच्या आवाजात काय वाईट हाये?”

“वाईट काईच नाई,” मनोज ताटाकडे बघत म्हणाला. “मले वाटते, थे माह्या मांगून चालून राहिली. दिवसभर. मी वळून पाह्यतो, त तू असते. असं किती दिवस वळून पाहू मी?” मग ताट बाजूला सारून तो म्हणाला, “जुनं कार्ड तुले देतो. डबीत ठेव सांभाळून.”

डबीत! आचलला तो आवाज डबीत नको होता. डबीतला आवाज फेरीवर जात नाही.

*

बंडूमामाची मुलगी करिश्मा अमरावतीलाच हॉस्टेलवर राहून कम्प्युटरचं शिकत होती. दर बुधवारी ती लॅपटॉप घेऊन आत्याकडे यायची. आत्या गेल्यावरही येतच राहिली. कॉलेजात तिने एक प्रयोग करायला घेतला होता आणि तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं. त्या दुपारी तिने आचललाच गाडीपाशी बसवलं आणि संत्र्यांचा एक ढीग पुढे ओढला.

“यातलं एक मी खाल्लं,” ती म्हणाली आणि खरंच सोलायला लागली. “गिऱ्हाइकाले समजीन काय?”

“नाही. बाबाले समजीन.”

“तुह्या बाबाले सोड. पाह्यल्यानं समजत नाही ना? पण मोजलं तर समजते. आधी सम होती, आता विषम झाली. समजा तुह्यामाह्यात ठरलं, सम म्हणजे नाही, विषम म्हणजे हो. मग गाडीवर ढीग लावत गेलं, की नुसत्या हो-नाहीवर आख्खा निरोप लिहिता येते. लोक म्हणतीन संत्री मांडली.”

“हे त खेळातलं झालं.”

“खेळातलंच. आता आवाजात खेळू.”

मुलांनो, इथे जरा थांबू. करिश्माने पुढे जे सांगितलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कम्प्युटर आवाज ऐकत नाही, मोजतो. एका सेकंदाचे हजारो बारीक तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात हवा किती हलली त्याचा एक आकडा लिहून ठेवतो. तो आकडा म्हणजे एक ढीग. त्यातलं एक संत्रं काढलं किंवा एक घातलं, सम होतं ते विषम केलं, तर कुठल्याही कानाला फरक कळणार नाही. गाणं तसंच गाणं राहील, हाक तशीच हाक. पण त्या सम-विषमात ओळीच्या ओळी दडवता येतात. मात्र हे लपवणं फार नाजूक असतं. फाइल दाबून लहान केली, की शेवटची संत्री सगळी विस्कटतात. आणि भोंग्यातून आवाज हवेत गेला, की उरतो नुसता आवाज. निरोप मागे कार्डातच राहतो.

“तुह्या आईच्या हाकांमध्ये मोकळी जागा आहे ना,” करिश्मा म्हणाली, “एक हाक संपते आणि दुसरी सुरू होते, त्याच्या मधात. गुलफामभाईच्या पंख्याची घरघर येते बारीक. तिथं लपवू. गुलफामभाई फाइल दाबत नाही, आवाज मरते म्हणते, थे आपल्या कामाचंच झालं. काय लिहायचं थे तू लिही. मी पाह्यत नाही.”

ती खरंच पाठ करून बसली आणि उरलेलं संत्रं खाऊ लागली.

आचलने एक एक अक्षर शोधून लिहिलं : ‘आई, बाबा तुझा आवाज बदलणार आहेत. मी काय करू?’

करिश्माने एक बटण दाबलं. फाइल तेवढीच राहिली, आवाजही तसाच. वाचणारं दुसरं बटण दाबलं, तर आचलची ओळ जशीच्या तशी पडद्यावर उमटली. करिश्माने ती वाचली, आणि तिच्या हातातली फोड हातातच राहिली.

“अगं, असं कायले...” तिने सुरुवात केली, मग नुसतं आचलच्या केसांवरून हात फिरवला. “बरं. राहू दे. कोनाले ऐकू थोडी जाते?”

कार्ड परत भोंग्यात गेलं.

*

दुसऱ्या दिवशी शाळा अर्ध्या दिवसाची होती, म्हणून आचल फेरीला गेली. पहिल्यांदा तिला काही जाणवलं नाही. मग खराटे कुटुंबाच्या ओट्यावरचं बाळ दिसलं. अजून बोलायला न लागलेली मुलगी होती ती, पायांत वाळे घातलेली. हाक चालू असताना ती इकडेतिकडे बघत होती, बोटं चोखत होती. हाक थांबली आणि तिने बोट तोंडातून काढून भोंग्याकडे कान दिला. पुन्हा हाक सुरू झाली तशी ती परत बोट चोखू लागली.

माणसं आवाज आला की ऐकतात. ती आवाज थांबला की ऐकत होती.

पुढच्या वळणावर एक कुत्रा सावलीत झोपला होता. “गाडी आली दाराशी!” पर्यंत तो हलला नाही. मधल्या शांततेत त्याने मान उचलली, कान ताठ केले. शेपूट एकदाच हलली.

आचलने भोंग्याला कान लावला. गुलफामभाईच्या पंख्याची घरघर, आणि मग पुढच्या हाकेआधी आईने घेतलेला श्वास. बाकी काही नव्हतं.

गल्लीच्या शेवटी मनोज अचानक थांबला. कानांत कापूस तसाच होता.

“काय म्हटलं तू?”

“मी? काईच नाई.”

“मले वाटलं...” त्याने मागे पाहिलं, आचलच्याही मागे, आणि बोळे बोटाने आणखी आत दाबले.

*

शनिवारी करिश्मा घरी निघाली, तेव्हा आचल हट्टाने तिच्याबरोबर गेली. बंडूमामाच्या गाडीवर आईचा आवाज होता. बाबांनी इथला बदलला तरी तिथे ती फेरीवर असणारच होती. मामाला नुसतं एवढंच विनवायचं होतं, की तुम्ही बदलू नका.

बडनेऱ्याहून रेल्वेने मूर्तिजापूर मागे टाकलं आणि खिडकीतून अकोल्याची झळ आत आली. बंडूमामा जठारपेठेत निंबाखाली गाडी लावून उभा होता. आईचा आवाज लांबूनच ऐकू आला आणि आचल पळत सुटली.

“आली आमची अमरावती!” बंडूमामाने तिला एक मोठं संत्रं फेकून दिलं. “बाप काय म्हनते?”

“बाप आवाज बदलून राहिला. मामा, तुमी नका बदलू.”

“मी कायले बदलू? ताईनं भरून देल्लं तसंच हाये. कार्डाले हातही नाई लावला.”

ते खरंच होतं. बंडूच्या भोंग्यातल्या कार्डाच्या फटीवर गुलफामभाईने लाल पट्टी चिकटवली होती, धूळ जाऊ नये म्हणून. त्या पट्टीवरच धुळीचा थर बसला होता. करिश्माने ती नखाने सोलली, तेव्हा खाली प्लास्टिकचा मूळ रंग निघाला.

“फाइल घरी ठेवून देते एक,” ती बापाला म्हणाली. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. गंमत म्हणून तिला कोऱ्या फाइलवर वाचणारं बटण दाबून बघायचं होतं. निरोप नसेल तर नुसता कचरा यायला हवा, असं तिने आचलला सांगितलं. “काही अर्थ नसलेली चिन्हं. थे पाहून समजते, की आपला प्रयोग बरोबर आहे.”

गाडीमागच्याच घरी पंख्याखाली बसून तिने बटण दाबलं. चिन्हं आली. पडदाभर कचरा सरकत गेला. मग तो थांबला आणि मध्ये एक ओळ आली.

‘आई, बाबा तुझा आवाज बदलणार आहेत. मी काय करू?’

करिश्माने फाइलचं नाव पाहिलं. कार्ड काढलं, फुंकर मारली, पुन्हा घातलं. आपल्या अमरावतीच्या फाइली बाजूला सारून पुन्हा बटण दाबलं. तीच ओळ आली. या वेळी तिच्या खाली आणखी एक होती.

‘बाबांच्या कानातला कापूस काढ.’

बाहेर बंडूमामा कुणाशी तरी केळ्यांच्या भावावरून हसत होता.

“तुह्या बाबाच्या कानातला कापूस,” करिश्मा हळू आवाजात म्हणाली, “थे आमच्या घरी कोनालेच माहीत नाही. मीही नाही सांगितलं.”

आचलला वाटत होतं की आपण घाबरायला पाहिजे. पण ती ओळ पुन्हा वाचताना तिला हसूच येत होतं.

“आणि आत्याले,” करिश्मा म्हणाली, “लिहिता कुठी येत होतं, आचल? सही करायची, बस.”

“लिहिलं कुठी हाये?” आचल म्हणाली. “आवाजातच त हाये.”

करिश्माने लॅपटॉप मिटला. “माह्या बाबाले सांगू नको,” ती म्हणाली, आणि लाल पट्टी होती तशी चिकटवायचा प्रयत्न करू लागली. ती पट्टी पुन्हा चिकटली नाही.

*

रविवारी आचल परतली, तेव्हा मनोज स्वच्छ शर्ट घालून निघालाच होता. एकच फेरी उरकायची आणि मग तसंच इतवाऱ्यात जायचं.

“बाबा, एक गल्ली फक्त,” आचल म्हणाली. “कापूस काढून चाला. मग जे करायचं ते करा.”

“काहून?”

“मी म्हनते म्हनून.”

मनोजने तिच्याकडे बघितलं. दीपमालाही असंच म्हणायची. तो गुडघ्यावर बसला आणि आचलने त्याच्या कानांतले बोळे एक एक करून काढले. ते त्याच्या कानांच्या उबेने गरम झाले होते. तिने ते गाडीच्या कोपऱ्यात, तराजूखाली ठेवले.

भोंगा सुरू झाला. हाक झाली. हाक थांबली.

मनोज गाडीच्या दांडीला धरून उभा राहिला. तो रडला नाही, दचकला नाही. फोनवर कुणी बोलत असावं आणि आपण मध्ये बोलू नये, तसं त्याचं तोंड झालं. पुढची हाक सुरू व्हायच्या आत तो म्हणाला, “बरं.”

त्या दिवशी तो इतवाऱ्यात गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

“आवाज राहू दे,” एवढंच म्हणाला.

आचलला उड्या माराव्याशा वाटल्या. तिने जे मागितलं होतं ते तिला मिळालं होतं. रात्री जेवताना तिने विचारलं, “बाबा, आई काय म्हनाली?”

“काई नाई. घरातलंच. कनीक संपत आली म्हने.”

तिने उठून डबा उघडला. कणीक खरंच तळाला गेली होती.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. मनोज गुणगुणत गाडी ढकलू लागला. फक्त हाक थांबली की तोही थांबायचा. गिऱ्हाईक पिशवी पुढे करून उभं असायचं.

“मनोजभाऊ, काय भाव लावला?”

मनोज तळहात वर करायचा : थांबा. हाक सुरू झाली की भाव सांगायचा. आधी बायका वैतागल्या. मग त्यांनाही सवय झाली. मग आचलच्या लक्षात आलं, की त्या मनोजसाठी थांबत नाहीत. मान थोडी कलती करून त्या स्वतःच उभ्या असतात. एक जण हलकेच मान डोलावते. एक जण डोळ्याला पदर लावते आणि हसते.

भोंगा थांबला की आख्खी गल्ली थांबू लागली. नळाखाली बादली भरून वाहायची. खराट्यांच्या ओट्यावर बाळ टाळ्या पिटायचं.

आणि आचल गाडीमागे उभी राहून पंख्याची घरघर ऐकायची.

तिने भोंग्याला कान लावून पाहिलं. डोळे मिटून पाहिलं. श्वास रोखून पाहिलं. घरघर, मग आईने आत घेतलेला श्वास, मग “संत्री घ्याऽ”. निरोप तिने पाठवला होता. उत्तर तिला आलं होतं. मग ऐकू मात्र सगळ्यांना का यावं, आणि तिलाच का येऊ नये?

शेवटी ती पार्बताबाईजवळ जाऊन बसली. गाडी समोरच उभी होती. हाक थांबली आणि पार्बताबाईची सुई फुलात अर्धवट अडकून राहिली. हाक पुन्हा सुरू झाली तशी सुई आरपार गेली.

“पार्बतामाय, काय म्हनाली?”

म्हातारीने चष्म्यावरून पाहिलं. “तुले नाई आलं ऐकू?”

“नाई.”

“अशी कशी?” पार्बताबाई म्हणाली. तिच्या आवाजात नवल होतं, आणि नवलाखाली आणखी काहीतरी. “बाप्पा, आज इतक्या दिसापासून तुह्याशीच त बोलून राहिली थे.”

*

मग एका बुधवारी दुपारी करिश्मा आली. अकोल्याहून आल्यापासून तिने लॅपटॉपला त्या कामासाठी हात लावला नव्हता. आचलने भोंग्यातलं कार्ड काढून तिच्या पुढ्यात ठेवलं.

“वाच.”

“नको, आचल.”

“मले ऐकू येत नाही, ताई. मले वाचूनच समजीन.”

करिश्माने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कार्ड आत सरकवलं.

अंगणात ऊन होतं. गाडी निंबाला टेकून उभी होती. मनोज आतल्या खोलीत पडला होता. पलीकडच्या ओट्यावर पार्बताबाई फुलांवर पाणी शिंपडत होती. अगदी रोजच्यासारखी दुपार.

बटण दाबलं. चिन्हं सरकली. थांबली.

आचलचा प्रश्न आता तिथे नव्हता. त्या जागी एकच ओळ होती.

करिश्माने ती वाचली. मग ती आचलकडे बघू लागली. तोंडाकडे नाही, जरा बाजूला.

आचलने लॅपटॉप आपल्याकडे फिरवला.

‘आचल, आता तुझ्या कानातला काढ.’

ती हसली. “माह्या कानात कुठी हाये कापूस?”

करिश्मा हसली नाही.

कार्ड लॅपटॉपमध्ये होतं. अंगणातला भोंगा रिकामा होता. तरी पार्बताबाईचा पाणी शिंपडणारा हात वरच थांबला. आतल्या खोलीत मनोज उठून बसल्याचा आवाज आला.

सगळं शांत झालं.

आचलने उजवा हात कानापाशी नेला. नुसतं खात्री करायला. करंगळीच्या टोकाला काहीतरी मऊ लागलं.

झेंडूचा वास आला.

तिने ते टोक चिमटीत धरलं, आणि हळूच ओढलं.